उलटी छापलेली खोली

१

सकाळची कामं आवरली की धाकटी मागच्या खोलीत यायची, खिडकी उघडायची आणि जाड काचेवर थोडी काळी शाई काढायची. पातीने ती मळून घ्यायची आणि मग तिच्यावर रूळ फिरवायचा. शाई जास्त असली की रूळ चिकट बोलतो, आणि बरोबर पसरली की बारीक चुरचुरतो. हा आवाज कानांनी ओळखायचा, डोळ्यांवर जायचं नाही, हे तिला ताईने शिकवलं होतं. इतक्या वर्षांत तिचे कान त्या बाबतीत चांगलेच तयार झाले होते.

घरात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. ताई लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरायची, धाकटी ते कागदावर छापायची, आणि ताईचे यजमान पुढच्या दुकानात बसून त्या चित्रांना फ्रेमा करायचे. "ह्या दोघी बहिणी चित्र जन्माला घालतात आणि मी त्याला चार भिंतींत कोंबतो," असं भाऊजी गिऱ्हाइकांना सांगायचे. धाकटीच्या हातात कोरायची पटाशी कोणी देत नसे. तिने मारलेली रेघ बघून ताई एकदा म्हणाली होती, "ही रेघ आहे की रस्ता ओलांडणारी कोंबडी?"

थंडी सरता सरता ताई गेली. आजारपणात तिने खिडकीपाशी बसून एक शेवटचा ठोकळा कोरला होता. एरवी काम अर्ध्यावर आलं की ती धाकटीला हाक मारायची, "एक चाचणी प्रत काढ गं, कुठे चुकतंय बघू." या वेळी मात्र म्हणाली, "चाचणी नको. पुरता झाला की तूच छाप, सावकाश." ठोकळा पुरा झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. धाकटीचं मन होईना म्हणून तो तसाच कापडात गुंडाळलेला राहिला. शेवटी भाऊजीच म्हणाले, "काढ गं आता. लोक विचारतात. तिच्या हातचं शेवटचं आहे."

म्हणून आज तिने कापड सोडलं, ठोकळ्यावर शाई चढवली. ठोकळ्यावर हीच खोली होती. हेच टेबल, ही खिडकी, पाठीमागे शाल टाकलेली ताईची खुर्ची आणि आतल्या खोलीकडे जाणारं बंद दार. रूळ फिरवताना धाकटीला ते चित्र फार ओळखीचं, जवळचं वाटलं. इतर ठोकळे नेहमी जरा परके वाटायचे.

त्यांच्याकडे दाबयंत्र नव्हतं. ठोकळ्यावर पातळ कागद अंथरायचा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने तो घासायचा, लहान लहान गोल करत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. कागद पातळ असल्यामुळे घासता घासता चित्र पाठीमागूनच उमटत जाताना दिसतं. तिला टेबल दिसलं, मग खुर्ची, मग खिडकी. डोळे भरून आले तेव्हा तिने तोंड बाजूला केलं; कागदावर थेंब पडला असता तर ताई रागावली असती.

मग तिने कागदाची दोन टोकं धरून तो उचलला आणि उलटून पाहिला.

खिडकी डावीकडे होती.

तिने मान वर करून खरी खिडकी पाहिली. ती उजवीकडे होती, तिच्या जन्मापासून होती तिथेच.

२

"ताई उलटं कोरायला विसरली," तिने भाऊजींना सांगितलं.

भाऊजी फ्रेमेची पट्टी कापत होते. ते थांबले. ठोकळ्यावर जे उजवीकडे असतं ते कागदावर डावीकडे येतं, म्हणून कोरणाऱ्याने सगळं उलटं कोरायचं असतं, हे त्या घरात शेजारच्या मांजरालाही ठाऊक होतं. ताईला तर उलटं लिहायचा इतका सराव होता की थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ धरली की ती बाहेरून येणाऱ्या भाऊजींसाठी आतून निरोप लिहायची. त्यांना तो बाहेरून सुलट वाचता यायचा.

"गोळ्या किती होत्या तिला," भाऊजी म्हणाले. "दिवसभर डोकं जड असायचं. चुकली असेल बिचारी."

"ताई आणि चुकेल?"

"अगं, माणूस आहे." मग त्यांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. "असू दे उलटी. छान आहे. ही पहिली प्रत मला दे, मी समोर लावतो."

त्यांनी त्याच दुपारी तिला फ्रेम केली आणि आपल्या कामाच्या बाकासमोर, डोळ्यांच्या उंचीवर टांगली.

ठरलं असं की ताईवर माया करणाऱ्या सगळ्यांना एकेक प्रत द्यायची आणि मग ठोकळा बाद करायचा. त्यांच्या धंद्यात हा नियम असतो. ठरलेल्या प्रती निघाल्या की ठोकळ्यावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारायची, म्हणजे पुढे कोणी चोरून प्रती काढू शकत नाही. रेघ मारल्यावर एक शेवटची प्रत काढतात, पुरावा म्हणून. ताई या बाबतीत कडक होती. कितीही लाडका ठोकळा असो, वेळ आली की पटाशी उचलायची आणि एका दमात रेघ ओढायची. नंतर चहा मागायची.

आता ती रेघ धाकटीला मारायची होती.

३

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा छापायला बसली. चमचा कागदावर फिरू लागला, सर-सर, सर-सर. मध्ये हाताला रग लागली म्हणून ती थांबली.

आवाज आणखी थोडा चालू राहिला.

फार नाही. एक गोल पुरा होऊन थांबावा इतकाच. धाकटीने चमच्याकडे पाहिलं. तो तिच्या हातात, कागदापासून वर होता. टेबल हलत असेल, तिने स्वतःला सांगितलं. टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारली. बाहेर कोणीतरी अंगण झाडत असेल. तिने खिडकीतून बघितलं, तर अंगणात कोणी नव्हतं. पुन्हा घासायला घेतलं, आणि या वेळी मुद्दाम मध्येच थांबली.

सर-सर. खालून. कागदाच्या पलीकडून.

तिला पळून जावंसं वाटायला हवं होतं. पण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ताईचा हात असाच फिरायचा, उलट्या दिशेने, शेवटी जरा दाब देऊन. पूर्वी मोठा कागद असला की दोघी समोरासमोर उभ्या राहून घासायच्या. धाकटी तशीच बसून राहिली, हात कागदावर ठेवून. कागद जरा कोमट वाटला. उन्हामुळे असेल, खिडकी तर उघडीच आहे, असं तिचं मन म्हणालं. ऊन टेबलापर्यंत आलं नव्हतं.

त्या वेळी तिला आणखी एक गोष्ट उमगली. पाठीमागून दिसणाऱ्या चित्रात खिडकी उजवीकडेच होती. ठोकळ्यावरही उजवीकडे होती. म्हणूनच तो काल इतका ओळखीचा वाटला. कागद ठोकळ्यावर असेपर्यंत खोली बरोबर होती. उचलला की ती उलटी व्हायची.

ताई चुकली नव्हती. हे चित्र भिंतीवर लावायला काढलेलंच नव्हतं. घासणाऱ्या हातासाठी होतं.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. पन्नाशीला टेकलेली बाई लाकडाशी बोलते आहे.

त्या प्रतीत दार किंचित उघडं होतं.

४

दोन्ही प्रती तिने शेजारी शेजारी ठेवल्या. पहिलीत दार बंद, पांढरं. दुसरीत दाराच्या कडेला एक काळी फट. शाई साचली असेल. तिने ठोकळा पुसून काढला, कापडाने, मग जुन्या दातांच्या ब्रशाने. मग डोळे मिटून दारावरून बोट फिरवलं.

इथे मात्र तिच्या समजूतदारपणाचं काही चालेना. कोरलेला भाग कागदावर पांढरा येतो. जिथे लाकूड शाबूत असतं तिथे काळं येतं. कोणी ठोकळ्याला हात लावला असता तर पांढरं वाढलं असतं. एकदा काढलेलं लाकूड कोणालाही परत बसवता येत नाही. आणि तिच्या बोटाखाली, जिथे ताईने दार कोरून काढलं होतं, तिथे लाकडाची एक अरुंद, गुळगुळीत पट्टी होती. रेषा सलग होत्या, झाडात असतात तशा.

तिने हे भाऊजींना सांगितलं नाही. काय सांगणार? दुःखाने माणसाला काहीबाही दिसतं, असं ते म्हणाले असते, आणि रात्रभर तिची काळजी करत बसले असते. ती रोज एखादी प्रत काढत राहिली. दार उघडत गेलं. खुर्चीवरची शाल एके दिवशी नाहीशी झाली. भीती वाटायचीच, पण सकाळ झाली की तिचे पाय आपोआप मागच्या खोलीकडे वळायचे. घासताना खालून तो हात यायचा, आणि तेवढ्यापुरतं घर पूर्वीसारखं वाटायचं. ठरलेल्या प्रती कधीच निघून झाल्या होत्या. रेघ ती उद्यावर ढकलत होती.

मग एका दुपारी ती भाऊजींना चहा द्यायला दुकानात गेली. ते फ्रेमेला खिळे ठोकत होते. सफाईने, न चुकता. हातोडी डाव्या हातात होती.

"भाऊजी, डावखुरे कधी झालात?"

"मी?" त्यांनी हाताकडे पाहिलं आणि हसले. "काय की. असाच तर ठोकतो मी."

"नाही हो."

"तू माझं काम कधी बघितलंस? तुम्हा दोघींना आपल्या शाईपुढे नवरा-मेहुणा दिसतो कुठे!"

ते बोलणं अगदी त्यांचंच होतं, आणि म्हणून ती आणखी घाबरली. भांगही दुसऱ्या बाजूला होता. शर्टाची बटणं बायकांच्या झग्यासारखी उलटी लागलेली होती. त्यांच्या गालावर तीळ होता तो उजव्या गालावर दिसत होता. पूर्वी कुठे होता? रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाचं तोंड, आणि तिला काही केल्या सांगता येईना.

बाकासमोर ती पहिली प्रत टांगलेली होती. भाऊजी चहा पितानाही तिच्याकडेच बघत होते, आरशात बघावं तसे. बाकावर ठेवलेलं जेवणाचं ताट सकाळपासून झाकलेलंच होतं.

"जेवला नाहीत?"

"भूक नाही गं." मग सहज विचारल्यासारखं ते म्हणाले, "आजची प्रत काढलीस? दार किती उघडलं?"

धाकटीने उचललेलं ताट परत खाली ठेवलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला काय दिसत नाही?" भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की तिला रडू आलं. "तुला तिचा हात ऐकू येतो ना? मला इथून दिसते ती. म्हणजे, ती नाही. ती येणार असल्यासारखी खोली दिसते."

५

धाकटी तडक मागे आली आणि तिने सगळ्या प्रती जमिनीवर पसरल्या. शेवटच्या प्रतीत तिने आधी न पाहिलेलं काहीतरी होतं. टेबलापाशी, ताईच्या खुर्चीशेजारी, एक बुटकं स्टूल ओढून ठेवलेलं होतं. एका पायाला चिंधी गुंडाळलेली. भाऊजींचं स्टूल. ते खरं म्हणाल तर पुढच्या दुकानात होतं, आणि आता भाऊजी त्यावरून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले होते.

"जागा केली आहे तिने," ते म्हणाले.

"भाऊजी, मी आज रेघ मारणार आहे."

"नको."

"मारायला हवी. तिचाच नियम आहे."

"तिने स्वतः मारली असती का इथे? आपल्याच खोलीवर?" त्यांनी टेबलाची कड धरली. "एक प्रत काढ. एकच. दार पुरतं उघडेल. मग तुला काय करायचं ते कर. मी अडवणार नाही."

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण तिलाही दाराआड कोण आहे ते बघायचं होतं. ते तिने पुढे कधी नाकारलं नाही. तिने शाई काढली. रूळ चुरचुरू लागेपर्यंत ती तो फिरवत राहिली.

कागद अंथरून तिने घासायला सुरुवात केली. भाऊजी पलीकडे उभे होते. खालचा हात लगेच आला, आज घाईने. टेबल उमटलं, खुर्ची उमटली, स्टूल उमटलं. धाकटी दारापाशी आली आणि तिचा हात मंद झाला. कागदाच्या पाठीवर काळोख गडद होत गेला. दार सताड उघडं होतं, आणि त्याच्या कडेवर, आतून धरावं तशी, चार फिकी बोटं होती.

"उचलू नकोस," भाऊजी कुजबुजले. "उचललंस की उलटं होतं."

ते वाकले. त्यांनी कागदावर गाल टेकवला, उशीवर टेकवावा तसा, आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी विसावा दिसला. "हिचं चालू आहे काहीतरी आत," ते म्हणाले. "बोलावते आहे."

धाकटीने ती बोटं पाहिली. ताईची होती का? तिला ओळखता येईना. अंगठ्याशिवाय चार बोटं कोणाचीही असू शकतात. तिने भाऊजींकडे पाहिलं. त्यांचा श्वास हळूहळू मंद होत होता, आणि खालचा सर-सर त्याच्याबरोबर मंद होत होता.

"भाऊजी, उठा."

"हं."

"उठा म्हणते ना! ती ताई नाही."

"तुला काय माहीत?"

"ताई असती," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "तर तिने बोलावण्याआधी विचारलं असतं, जेवलात का. सकाळपासून ताट झाकलेलं आहे, भाऊजी. तिने तुम्हाला उपाशी कधी कुठे नेलं असतं का?"

भाऊजींनी डोळे उघडले. मग त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला, हसू आणि हुंदका एकत्र झाल्यासारखा, आणि त्यांनी हातांवर जोर देऊन गाल वर उचलला. कागद जरासा त्यांच्या गालाबरोबर वर आला आणि मग सुटला.

धाकटीने तो ओढून काढला आणि न बघताच बाजूला टाकला.

६

पटाशी ताईच्याच जागी होती. धाकटीने ती दोन्ही हातांनी धरली. भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"लवकर कर," ते म्हणाले.

तिने वरच्या डाव्या कोपऱ्यात पातं रोवलं. लाकूड कठीण होतं. रेघ दोन बोटं गेली आणि वळली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वळली. छतावरून, खिडकीवरून, टेबलावरून. मग दारावरून. "माफ कर गं," ती पुटपुटत होती, "ताई, माफ कर." ती रडत होती आणि पटाशी पुढे ढकलत होती, शेवटी खालचा उजवा कोपरा आला आणि पातं टेबलात रुतलं.

खोलीत शांतता होती. खालून काही आवाज नव्हता. तिने वाट पाहिली, तरी नव्हता. तिला वाटलं, आपण ताईला दुसऱ्यांदा घालवली.

पुराव्याची प्रत काढायची होती. तिने शाई चढवली, कागद अंथरला, घासला. या वेळी फक्त तिचाच चमचा चालत होता. मग तिने कागद उचलला आणि उलटा केला, आणि भाऊजी जवळ येऊन बघू लागले.

दार बंद होतं. पांढरं. स्टूल नव्हतं. शाल खुर्चीवर होती.

आणि त्या सगळ्यावरून दोन रेघा गेल्या होत्या.

एक तिची होती, वेडीवाकडी, अडखळलेली. दुसरी उरलेल्या दोन कोपऱ्यांना जोडत गेली होती, एका दमात ओढलेली, केसासारखी सरळ. धाकटीने ठोकळ्यावर बोट फिरवलं. दोन्ही खाचा होत्या. टेबलावर बारीक ढलप्या मात्र एकाच रेघेच्या सांडल्या होत्या.

"ही तिची," भाऊजी म्हणाले.

"हो."

"तिने आपल्या बाजूने मारली."

धाकटीने त्या सरळ खाचेवरून पुन्हा बोट फिरवलं. भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभरच, आणि पुढे दुकानात गेले. ती तिथेच बसली. थोड्या वेळाने ताट उघडल्याचा आवाज आला. भाऊजी जेवत होते, गार झालेलं, सावकाश. मग पाणी प्यायले. मग हातोडीचे ठोके सुरू झाले.

ती कान देऊन ऐकत राहिली. ठोके नेहमीचेच होते, एकसारखे. पण कोणत्या हाताने माणूस ठोकतो आहे ते आवाजावरून कळत नाही.

"धाकटे!" पुढून हाक आली. "मोकळी आहेस का? ह्या फ्रेमेचं दुसरं टोक धरायला ये जरा."

"आले," ती म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले, शाईचा हात कापडाला पुसला आणि दाराकडे निघाली. दुकानात शिरताना तिने मान खाली घातली होती. नजर जमिनीवर ठेवून ती गेली, आणि तिच्यासमोर आलेलं फ्रेमेचं टोक तिने घट्ट धरलं.